परचेसमध्ये नवीन आहात? वेंडरशी बोलण्याची तयारी अशी करा

डिप्लोमा किंवा बी.ई. करून भोसरी, चाकण, रांजणगाव नाहीतर नाशिकच्या सातपूर-अंबडला नोकरी लागली आणि तुम्हाला 'परचेस'ला, म्हणजे खरेदी विभागात टाकलं, की पहिल्याच आठवड्यात दिवसभर एकच प्रश्न कानावर पडायला लागतो. "मटेरियल कधी येतंय?" प्रॉडक्शनवाले विचारतात, स्टोअरवाले विचारतात, साहेब येता-जाता विचारतात. उत्तर असतं वेंडरकडे, म्हणजे माल पुरवणाऱ्याकडे. आणि वेंडर या धंद्यात मुरलेला असतो. तुमच्या "हॅलो"वरूनच त्याला कळतं की माणूस नवीन आहे.

मग नवीन लोक दोनातलं एक करतात. काही जण "साहेब, प्लीज बघा ना" करत बसतात, तर काही जण सिनियरचं ऐकून पहिल्याच फोनला आवाज चढवतात. दोन्हींत माल लवकर येत नाही. फोन लावताना समोर ड्रॉइंग, पीओ (परचेस ऑर्डर) आणि तारीख असली की बोलणं बरंचसं सरळ होतं. वेंडरही सरळ बोलायला लागतो, कारण समोरच्याला माहिती आहे हे त्याला दोन वाक्यांत समजतं. म्हणून या लेखात बोलण्याइतकीच कागदांची चर्चा आहे. उदाहरण मशीनिंगच्या सुट्या भागाचं घेतलंय. तुम्ही पॅकिंगचे बॉक्स किंवा फॅब्रिकेशन घेत असाल तरी पायऱ्या त्याच.

१. आधी पार्ट ओळखा

वेंडरला इन्क्वायरी (भावाची विचारणा) पाठवण्याआधी ड्रॉइंग घेऊन शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात तिथे जा. तो पार्ट असेंब्लीत कुठे बसतो ते डोळ्यांनी बघा. क्वालिटीवाल्यांना एवढंच विचारा, "यातलं कुठलं माप चुकलं तर पार्ट लागत नाही?" ड्रॉइंगवर वीस मापं असतात, पण जिवावरची दोन-तीनच. ती पेन्सिलने गोल करून ठेवा. पुढे भावावर बोलताना, रिजेक्शनवर बोलताना, हीच दोन-तीन मापं कामाला येतात.

मग ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर बघा. वेंडरकडे रिव्हिजन 'बी' आणि आपल्याकडे 'सी' हा घोळ कुठल्याही कंपनीत होतो, आणि तो माल आल्यावरच उघड होतो.

प्लेटिंग असेल तर आणखी एक खात्री करून घ्या: माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं? ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिंक प्लेटिंग म्हणजे व्यासावर १६ मायक्रॉन वाढ, कारण थर दोन्ही बाजूंना बसतो. टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्ती) घट्ट असेल तर एवढ्यात पिन बुशमध्ये जात नाही. हा प्रश्न इन्क्वायरीतच विचारलात तर वेंडर तुम्हाला नवीन समजणं सोडून देतो.

२. वेंडर बघायला जा

नवीन वेंडर असेल तर जीएसटी नंबर घ्या आणि जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, चालू आहे की रद्द झालाय. नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्याच राज्यातला वेंडर असेल तर बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो, दुसऱ्या राज्यातला असेल तर आयजीएसटी. उद्यम नोंदणीचं (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) सर्टिफिकेटही तेव्हाच मागून फाइलला लावा. ते कशाला लागतं ते पेमेंटच्या वेळी कळेल.

कागद आले की प्रत्यक्ष जा. फोनवर प्रत्येकाकडे चार सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) असतात. तिथे गेल्यावर दिसतं की दोन चालू आहेत, एक बंद आहे आणि एक शेजाऱ्याची आहे. जाण्याआधी वार बघा. पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच वर्कशॉपची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तुमची रविवारी. म्हणजे गुरुवारी तुम्ही फोन लावत बसता आणि रविवारी तो.

वर्कशॉपमध्ये काय बघायचं? मोजमापाची साधनं कुठे ठेवली आहेत, त्यांवर कॅलिब्रेशनची (साधन बरोबर मोजतंय का ते तपासल्याची) तारीख आहे का, रिजेक्ट माल वेगळा लाल पेटीत आहे की चांगल्या मालातच मिसळलाय. चहा नक्की घ्या. चहाच्या वेळी, "सध्या कुणाचं काम जास्त आहे?" एवढं सहज विचारा. त्याच्या मशीनवर तुमच्या पार्टचा नंबर कितवा लागणार ते उत्तरातून कळतं.

३. इन्क्वायरी अशी लिहा की परत फोन येऊ नये

व्हॉट्सअॅपवर ड्रॉइंगचा फोटो आणि खाली "रेट द्या" ही इन्क्वायरी नव्हे. असा मेसेज किंवा मेल पाठवा:

"नमस्कार साहेब. सोबत ड्रॉइंग जोडलंय, रिव्हिजन सी. मटेरियल ईएन-८ स्टील, झिंक प्लेटिंग ८ मायक्रॉन, मापं प्लेटिंगनंतरची. महिन्याला अंदाजे २००० नग, ५०० च्या लॉटमध्ये. भाव आमच्या गेटपर्यंत पोहोच द्यावा. मटेरियल, मशीनिंग, प्लेटिंग वेगवेगळं दाखवावं. सॅम्पलला किती दिवस आणि त्यानंतर रेग्युलर मालाला किती, हेही कळवावं. कोटेशन बुधवारी संध्याकाळपर्यंत मिळालं तर बरं. काही शंका असेल तर फोन करा."

इंग्रजी मेलचीच पद्धत असलेल्या कंपनीत असाल तरी हेच मुद्दे त्याच क्रमाने छोट्या वाक्यांत लिहा. जड इंग्रजीने वेंडरवर छाप पडत नाही. उलट त्याच्याकडचा सुपरवायझर तो मेल कुणाकडून तरी वाचून घेतो आणि अर्धं तिथेच गळतं. मी तर मेल गेल्यावर मराठीत फोन करून मुद्दे एकदा बोलून घ्यायच्या मताचा आहे. वेंडर मारवाडी किंवा गुजराती असला तर हिंदीत. भाषा त्याला सोयीची, आकडे मेलमधले.

किमान तिघांकडून कोटेशन घ्या. पण एकाचा कागद दुसऱ्याला दाखवू नका. "अमक्याने छप्पन्न दिलाय, तुम्ही चोपन्नला द्या" हे बोलायला सोपं असतं. एमआयडीसी मात्र लहान जागा आहे. प्लेटिंगवाला दोघांचाही एकच असतो आणि संध्याकाळपर्यंत बातमी फिरते. पुढच्या वेळी तिघेही भाव फुगवूनच देतात.

तुलना करताना नुसता खालचा आकडा बघू नका. ५८ रुपये त्याच्या गेटवर, वाहतूक आपली, अर्धे पैसे आगाऊ. आणि ६० रुपये पोहोच, महिन्याच्या उधारीवर. यात दुसरा स्वस्त पडू शकतो. कमीत कमी किती नग घ्यावे लागतील, टूलिंगचे पैसे वेगळे आहेत का, भाव किती दिवस टिकणार, हे सगळं एका तक्त्यात मांडा आणि मगच साहेबांकडे न्या.

४. भावावर बोलायचं तर हिशोब आधी स्वतः करा

"साहेब, भाव जास्त वाटतोय, बघा काहीतरी" यावर वेंडर एक रुपया कमी करतो. तो रुपया त्याने त्यासाठीच वर ठेवलेला असतो. खरी घासाघीस हिशोबावर होते.

समजा २५ मिमी व्यासाच्या बारमधून १०० मिमी लांबीची पिन करायची आहे. शॉपवरचं जुनं सूत्र आहे: व्यास गुणिले व्यास भागिले १६२, म्हणजे स्टीलच्या गोल बारचं मीटरला वजन किलोत. २५ गुणिले २५ भागिले १६२ म्हणजे ३.८६ किलो. कापण्यासाठी ३ मिमी धरून १०३ मिमीचे होतात साधारण ४०० ग्रॅम. स्टीलचा भाव किलोला ७५ धरला, तर मटेरियल ३० रुपये. (भाव समजण्यापुरता धरलाय. त्या आठवड्याचा भाव बारवाल्या डीलरला फोन करून घ्यायचा.) तयार पिन ३०० ग्रॅमची असेल तर १०० ग्रॅम बर (मशीनिंगचा कीस) निघेल, ती किलोला ३० ने विकली जाईल, म्हणजे ३ रुपये वजा. राहिले २७. सीएनसीचा तासाचा दर ४०० आणि एका नगाला ३ मिनिटं, म्हणजे २० रुपये. प्लेटिंग ४. झाले ५१. त्यावर खर्च आणि नफा मिळून १५ टक्के, आणि पॅकिंग-वाहतूक धरून ६० च्या आसपास.

वेंडरचं कोटेशन ६८ चं आलंय. आता फोन असा होतो:

"साहेब, तुमचं कोटेशन बघितलं. मटेरियल आणि प्लेटिंग माझ्या हिशोबाशी जुळतंय. मशीनिंगमध्ये फरक येतोय. सायकल टाइम किती धरलाय?"

"चार मिनिटं. तुमच्या त्या ड्रॉइंगवर मागच्या टोकालाही वीस मायक्रॉन टॉलरन्स आहे. दुसरं सेटिंग लागतं ना त्याला."

जास्तीचं एक मिनिट म्हणजे पावणेसात रुपये, त्यावर १५ टक्के. फरक तिथेच सापडला. आता डिझाइनवाल्यांकडे जाऊन विचारायचं, मागच्या टोकाला एवढं टॉलरन्स खरंच लागतं का? पुष्कळदा ते जुन्या ड्रॉइंगवरून तसंच उतरलेलं असतं. ते सैल केलं तर वेंडरचा नफा न कापता भाव उतरतो. आणि लागत असेल, तर ६८ हाच योग्य भाव आहे हे तुम्हीच साहेबांना ठामपणे सांगू शकता.

त्याचा नफा शून्यावर आणायच्या मागे लागू नका. पीओ मिळवण्यासाठी तो हो म्हणेल आणि दुसऱ्याचं चांगल्या भावाचं काम आलं की तुमचा जॉब मशीनवरून उतरवेल.

५. पीओशिवाय काम सुरू करायला सांगू नका

तोंडी सांगितलं, माल तयार झाला आणि मग ऑर्डर रद्द झाली, तर पैसे कुणी द्यायचे हा वाद तुमच्या नावावर येतो. घाई असेल तर साहेबांच्या संमतीचा मेल घ्या, तोच वेंडरला पाठवा, पीओ मागून कधी येईल ते त्यात लिहा. पीओवर रिव्हिजन नंबर, एचएसएन कोड (करासाठी मालाच्या वर्गाचा नंबर), कराचा दर, पोहोचवण्याची तारीख आणि पेमेंटची मुदत हे पाच तपासा. बाकीच्या अटी छापील असतात.

बदल मात्र कायम फोनवरच होतात. "पाचशेऐवजी आधी तीनशे द्या", "प्लेटिंग पिवळं करा". फोन ठेवला की दोन ओळी लगेच लिहून पाठवायच्या: "आत्ता बोललो त्याप्रमाणे पहिला लॉट ३०० नग, १४ तारखेला. उरलेले २०० नग २० ला. बरोबर ना?" तिकडून "हो" किंवा नुसता अंगठा आला तरी चालतो. भाव किंवा संख्या बदलली असेल तर पीओची दुरुस्ती वेगळी काढावी लागते, तिथे अंगठ्यावर भागत नाही.

६. फॉलोअप: "कधी देताय?" हे शेवटी विचारा

"कधी देताय" याचं ठरलेलं उत्तर "उद्या" असतं. वेंडर खोटारडा असतो म्हणून नव्हे. त्याला फोन ठेवायचा असतो. त्याऐवजी पार्ट आत्ता कुठे आहे ते विचारा.

"नमस्कार साहेब, त्या पिनच्या लॉटचं कटिंग झालं का?"

"झालं, मशीनवर आहे."

"पाचशेतले किती झाले?"

"दोनशेक."

"टॉलरन्स सैल केल्यावर नगाला तीन मिनिटं, म्हणजे उरलेल्या तीनशेला पंधरा तास. आज दोन शिफ्ट आहेत का तुमच्याकडे?"

"नाही, एकच."

"मग मशीनिंग उद्या संध्याकाळी संपेल. प्लेटिंगला परवा सकाळी जाईल, तिथे एक दिवस. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे, असं लिहून ठेवू का?"

"शनिवार धरा."

हा शनिवार भरवशाचा असतो, कारण तो हिशोबातून आलाय. शिवाय प्रॉडक्शनला तीनशे नग शनिवारपर्यंत लागणार नसतील, तर तयार झालेले दोनशे आधी प्लेटिंगला पाठवायला सांगता येतं. लाइन चालू राहते आणि कुणाला ओरडावं लागत नाही.

गाडी निघताना कागदांचीही आठवण करा. दुसऱ्या राज्यातून ५० हजारांवरचा माल येत असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. टेस्ट सर्टिफिकेट आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट बिलासोबतच यायला हवा, नाहीतर माल गेटवर आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) अडकलेला. जॉबवर्कला कच्चा माल तुम्ही दिला असेल तर तो वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर जीएसटीच्या नियमाने ती विक्री धरली जाते. म्हणून माल पाठवल्याच्या चलनांचा हिशोब दर महिन्याला जुळवा.

७. रिजेक्शन सांगताना

नवीन माणसाला सगळ्यात जड जातो तो हा फोन. क्वालिटीने ५०० पैकी ६० नग बाजूला काढलेत, प्रॉडक्शन खवळलंय आणि वेंडर म्हणणार, "आमच्याकडे चेक करून पाठवलेत."

फोनच्या आधी स्वतः क्वालिटीत जा आणि पार्ट हातात घ्या. कुठलं माप, किती हवं, किती भरतंय, कशाने मोजलं? फोनवर एवढंच बोला: "साहेब, बाहेरचा व्यास २४.९८ च्या खाली नको, साठ नग २४.९५ भरतायत. फोटो पाठवलेत. उद्या सकाळी तुमचा माणूस त्याचा मायक्रोमीटर घेऊन येऊ दे, दोघं मिळून मोजू." कुणाची चूक यावर त्या फोनमध्ये बोलायचंच नाही. मायक्रोमीटर शेजारी शेजारी ठेवले की बहुतेक वाद तिथेच मिटतात, आणि कधी कधी आपलंच गेज झिजलेलं निघतं.

मग ठरवायचं: रिवर्क होईल का, बदली माल कधी, डेबिट नोट (वेंडरच्या बिलातून पैसे वजा करायचा कागद) किती नगांची. आणि हे सगळं लेखी, लवकर. वेंडर सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात मालाबद्दलची हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवण्याची तरतूद आहे. तसं कळवलं नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरून पेमेंटची मुदत मोजतात. दोन महिन्यांनी "तुमचा जुना माल खराब होता, म्हणून पैसे अडवलेत" हे सांगणं कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही.

८. पेमेंटच्या फोनला घाबरू नका

पेमेंट अकाउंट्स करतं, पण फोन तुम्हालाच येतो. बरेच जण तो उचलत नाहीत. मग पुढच्या अर्जंट मालाला वेंडरही उचलत नाही.

नियम माहीत असू द्या. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला ठरलेल्या तारखेला पैसे द्यावे लागतात, पण लेखी करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या वर नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. आयकरातही, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेचा खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यम सर्टिफिकेट मागायला लागले. म्हणून ते आधीच फाइलला हवं.

दुसऱ्या बाजूने, वेंडरने त्याचं जीएसटी रिटर्न भरलं नसेल तर आपल्या २बी मध्ये (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदी-बिलांच्या जीएसटी यादीत) बिल दिसत नाही आणि आपण भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं. अकाउंट्सला विचारून अडचण नक्की कुठे आहे ते समजून घ्या आणि तेच सांगा: "साहेब, तुमचं मार्चचं बिल २बी मध्ये दिसत नाहीये. तुमच्या सीएला रिटर्न बघायला सांगा. दिसलं की येत्या पेमेंटच्या यादीत टाकायला मी अकाउंट्सला मेल करतो." जे तुमच्या हातात आहे तेवढ्याचाच शब्द द्या. "उद्या होऊन जाईल" हे वेंडरचं वाक्य तुमच्या तोंडी नको.

९. आपल्याच ऑफिसात बोलताना

सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये वाईट बातमी सगळ्यात आधी सांगा. "पिन शनिवारी येतायत, गुरुवारी नाही. स्टॉकमध्ये १८० आहेत, शुक्रवार दुपारपर्यंत पुरतील. आज दोनशे मागवून घेतलेत." मीटिंगमध्ये या तीन वाक्यांवर कुरकुर होते, पण तमाशा होत नाही. तमाशा होतो तो शुक्रवारी दुपारी लाइन थांबल्यावर.

माहीत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा, पण वेळ जोडून: "बघून साडेअकराला सांगतो." आणि साडेअकराला काहीच कळलं नसेल तरी तेवढंच सांगायला फोन करा.

दिवाळीच्या आधी वेंडरकडून मिठाईचे पुडे आणि भेटवस्तू यायला लागतात. कंपनीचं धोरण एचआरला आधी विचारून ठेवा. पाकीट असेल तर जागच्या जागी परत, हसून आणि सगळ्यांसमोर. पुडा आला तर डिपार्टमेंटच्या टेबलावर उघडायचा.

दिवाळीचा खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो. बऱ्याच वर्कशॉपमधली मुलं उत्तर प्रदेश-बिहारची, ती दिवाळीला गावी गेली की छठ करूनच परततात, आणि छठ दिवाळीनंतर सहा दिवसांनी. प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटवाले पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला त्यानंतरही काही दिवस लागतात. तेव्हा दसरा झाला की लगेच प्रत्येक वेंडरला फोन करून विचारा: "शेवटची गाडी कुठल्या तारखेला, आणि किती माणसं थांबणार आहेत?" आलेल्या तारखा तक्त्यात भरा, प्रॉडक्शनकडून नोव्हेंबरचा आकडा घ्या, आणि प्लेटिंगवाल्याला वेगळा फोन करायला विसरू नका, कारण त्याची सुट्टी तुमचा वेंडर तुम्हाला सांगत नाही.